रद्दीतला गोंद



जून आला की आपण वह्यांना खाकी कव्हरं घालायचो. आमच्या घरी खळ असायची, ती पाण्यात सुटते. स्टिकरचा आणि चिकटपट्टीचा गोंद मात्र सुटत नाही. रद्दीच्या लगद्यातून तो जाळीला, फेल्टला, ड्रायरला बसतो आणि कागद तुटतो.

कोल्हापुरातल्या माझ्या पहिल्या रात्रपाळीत कागद सारखा तुटला. मी कामगारावर ओरडलो. गठ्ठे न तपासता सोडले होते मीच! सकाळी त्याची माफी मागितली.

आता आधी रद्दी निवडतो, लगदा सुमारे ०.१५ मिलिमीटरच्या चिरांतून गाळतो. उरलेल्या गोंदाला शंखजिऱ्याची पूड, लाटीला पिठी लावतात तशी.

तुम्ही एवढंच करा : रद्दी देताना चिकटपट्टी काढा.