मंडई आणि ग्रामसभा
(जळकोट येथील भाषण)



जोतीराव फुले १८७६ सालापासून पुणे म्युनिसिपालिटीचे सभासद होते. मोठी मंडई बांधण्याचे ठरू लागले तेव्हा त्यांनी विरोध केला. तो पैसा गोरगरिबांच्या शिक्षणास लावा, हे त्यांचे म्हणणे. तरी १८८६ साली मंडई उघडली, आणि पुढे तिला त्यांचेच नाव मिळाले! नाव द्यावयास पुष्कळ, प्रश्न विचारावयास थोडे.

आम्ही बांधकामाचे वैरी नाही. पण गावविकासाच्या योजनेस मंजुरी ग्रामसभेने द्यावयाची असते, आणि ग्रामसभा म्हणजे गावचा प्रत्येक मतदार. म्हणून कुणबी, सुतार, कुंभार, मायबहिणी साऱ्यांनी तेथे बसावे. खर्च किती, उपयोग कोणास, देखभाल कोणाकडे, हे उठून विचारावे. घरी बसून मागाहून बोटे मोडल्याने मुलांच्या पाटीचा पैसा परत येत नाही.