पर्‍याचा तळ आणि तिथली वस्ती

आमच्या विज्ञान मंडळापुढे मी जे बोललो, तेच थोडे सावरून येथे देत आहे.

दिवाळीच्या सुमारास गावाबाहेरच्या पर्‍यावर जावे. पाणी नितळलेले असते. जेथे ते खळाळत वाहते तेथला मुठीएवढा गोटा अलगद उचलावा आणि उलटा करावा. खालच्या अंगाला चपटे, सहा पायांचे, शेपटीला दोन-तीन केसांसारखे तंतू असलेले किडे सरसर कडेला पळतात. ही मेफ्लाय नावाच्या माशीची पिल्ले. अंग इतके चपटे की जोराचे पाणी वरून निघून जाते. शेजारीच वाळूचे कण रेशमासारख्या धाग्याने जोडून केलेली नळी दिसेल. आत कॅडिस माशीची अळी राहते. तिच्याच नात्यातल्या काही अळ्या नळी न करता प्रवाहाकडे तोंड करून जाळे बांधतात व वाहून येईल ते खातात. आमच्या खाडीतले कोळी तरी दुसरे काय करतात? (गोटा पाहून झाला की होता तसाच ठेवावा. मुले हे हमखास विसरतात.)

आता दहा पावले खाली डोहाकडे या. तळाशी कुजका पाला आणि गाळ. तेथे रक्तासारख्या तांबड्या अळ्या सापडतात. हा तांबडेपणा हिमोग्लोबिनचा. प्राणवायू कमी असलेल्या चिखलात त्यावरच त्यांचा निभाव लागतो. पाल्यात चतुराची पिल्ले दबा धरून बसलेली असतात. पाणी तेच, दिवस तोच. बदलली ती फक्त जमीन.

याचे कारण साधे आहे. गोटा जागचा हलत नाही. त्याच्या पाठीवर शेवाळाचा पातळ थर धरतो, तो खाद्य होतो. दोन गोट्यांमधल्या फटींतून ताजे पाणी खेळते आणि लपायलाही जागा मिळते. वाळूचा कण मात्र सारखा लोळत असतो. त्याच्यावर घर कोण बांधणार? लहानमोठे गोटे जेथे मिसळलेले असतात तेथे म्हणूनच जास्त जातींचे जीव नांदतात. १९३७ साली सर्बर या अमेरिकन शास्त्रज्ञाने एक फुटी चौकट आणि मागे जाळी असे साधन यासाठी वर्णिले. आम्ही तारेची चौकट वाकवून जुन्या मच्छरदाणीवर भागवले. खळाळातल्या जीवांची यादी पानभर झाली, वाळूतली चार ओळींत संपली.

आता मुद्द्याचे बोलतो. २२ जुलै २०२१ रोजी चिपळूण पाण्याखाली गेले, त्यानंतर वाशिष्ठीतला गाळ उपसण्यात आला. ज्याच्या घरात छतापर्यंत पाणी चढले त्याला किड्यांची गोष्ट सांगायला मीही धजणार नाही. साचलेला गाळ काढावाच लागतो. परंतु गेल्या उन्हाळ्यात आमच्या लहानशा पर्‍यातही यंत्र उतरले आणि गाळाबरोबर गोटेही घेऊन गेले. तळ रस्त्यासारखा सपाट झाला. पावसानंतर चौकट टाकली तर बारीक चिखल, तांबड्या अळ्या आणि गांडुळासारखे किडे, बस्स. याच पर्‍यात मासे-खेकडे धरून ज्या बाया संध्याकाळचे कालवण करीत, त्या रिकाम्या टोपल्या घेऊन परतल्या. मासे जगतात ते या किड्यांवरच.

माझे म्हणणे एवढेच, की गाळ जेथे साचला आहे तेथेच खणावे, गोटे पर्‍यातच राहू द्यावेत, आणि वरच्या अंगाचा एखादा खळाळ मुळीच छेडू नये. तेथून पिल्ले प्रवाहाबरोबर खाली येतात व वस्ती पुन्हा भरते. पंचायतीला तसे पत्र दिले आहे.

नोव्हेंबरात मुलांनी काठावर पडलेले पाच-पन्नास गोटे वाहत्या पाण्यात परत नेऊन ठेवले. पंधरा दिवसांनी उलटून पाहिले. बहुतेकांखाली काही नव्हते. तिघांखाली ती चपटी पिल्ले आली होती.