भाड्याचं घर आणि नळाचं पाणी

गोदावरीच्या उजव्या कालव्याला पाण्याचं आवर्तन कधी सुटणार, याकडे राहाता शहराचे डोळे लागलेले असतात. पण शेजारच्या इमारतीत पाणी आहे आणि तुमच्याच घरात नळ कोरडा, तर दोष कालव्याचा नाही. मोटार, खालची टाकी, व्हॉल्व्ह किंवा गच्चीवरची टाकी यांपैकी काहीतरी बिघडलं असण्याची शक्यता जास्त. आधी तेवढं पाहून घ्या.

मग घरमालकांशी बोला, आणि बोलणं झालं की लेखीही द्या. कोणत्या तारखेला, किती वेळ पाणी नव्हतं, टँकरला किती पैसे गेले, हे सगळं लिहा. पोच घ्या. जिन्यात झालेल्या वादावादीचा पुरावा उरत नाही.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 जिथे लागू आहे, तिथे कलम 29 भाडेकरूच्या बाजूने उभं राहतं. पुरेशा कारणाशिवाय मालकाला पाणी तोडता किंवा रोखून धरता येत नाही. तसं केल्यास न्यायालयात अर्ज करता येतो. दुरुस्ती रखडली तर कलम 14 पाहा. किमान 15 दिवसांची नोटीस देऊनही मालकाने वाजवी वेळेत दुरुस्ती केली नाही, तर ती स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करता येतो. मर्यादा मात्र वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांश. रागाच्या भरात सगळं भाडंच थांबवू नका, त्याने तुमचीच बाजू लंगडी पडते.

लिव्ह अँड लायसन्सवर राहणाऱ्यांचे हक्क बरेचसे करारावर ठरतात. म्हणून सही करण्याआधीच पाण्याची वेळ आणि टँकरचा खर्च कोणाचा, हे करारात लिहून घ्या.