आडवाटेच्या गोष्टी

(आकाशवाणीवरून दिलेल्या भाषणाचा संपादित भाग)



पन्नाशी ओलांडलेल्या, कविता लिहिणाऱ्या माणसानं रेडिओवर येऊन व्हिडिओ गेमबद्दल बोलावं, हे आमच्या घरातही कुणाला पटलं नाही. बायको म्हणाली, "मुलं खेळतात म्हणून रागावणारे तुम्हीच, आणि आता त्यावर भाषण देणारेही तुम्हीच!" तिचं म्हणणं बरोबर आहे. पण या खेळाशी माझी गाठ पडली त्याला कारण घडलं.

२०२० चा लॉकडाऊन आठवा. माझा भाचा, तेव्हा इंजिनिअरिंगला होता, चार दिवसांसाठी म्हणून आमच्याकडे आला आणि अडीच महिने अडकला. त्या वर्षी रमजानही त्याच बंदीत आला. मशिदी बंद, शहागंजचा बाजार बंद, रस्त्यावर चिटपाखरू नाही. रात्री झोप येत नसे आणि सहेरीपर्यंत जागायचंच असे. भाचा माझ्या जुन्या कॉम्प्युटरवर एक जुना खेळ खेळत बसायचा. एके रात्री म्हणाला, "मामू, बैठो ना. इसमें किस्से हैं." किस्से म्हटल्यावर मी बसलो.

खेळाचं नाव 'फॉलआउट ३'. २००८ मध्ये आलेला. मायक्रोसॉफ्टने त्या वेळी सांस्कृतिक संवेदनशीलतेचं कारण देऊन तो भारतात विक्रीला आणला नव्हता. नेमकं कशामुळे, ते सांगितलं नाही. पण खेळात दोन तोंडांच्या गाई आहेत आणि त्यांना 'ब्राह्मिन' म्हणतात, त्यामुळे असावं, असा तर्क लोकांनी केला. खेळायचं ठरवलेल्यांनी तो मिळवलाच.

कथा अशी. २०७७ मध्ये अणुयुद्ध होऊन जग बेचिराख झालं. त्यानंतर दोनशे वर्षांनी, जमिनीखालच्या बंदिस्त वसाहतीत वाढलेला एकोणीस वर्षांचा मुलगा किंवा मुलगी आपल्या वडिलांना शोधत बाहेर पडते. बाहेर वॉशिंग्टन शहराचे सांगाडे उभे आहेत. वडिलांचं स्वप्न काय, तर सगळ्यांना शुद्ध पाणी मिळावं. त्या जगातलं बहुतेक पाणी किरणोत्सर्गानं नासलेलं आहे. मराठवाड्यातल्या माणसाला ही कथा समजावून सांगावी लागत नाही. आमच्या घरी नळाला पाणी कधी येणार याची वाट दिवस दिवस पाहिली जाते. ज्या शहरात मलिक अंबरनं सतराव्या शतकात जमिनीखालून नहर आणली, जिथं पाणचक्कीचा हौद आजही लोक बघायला येतात, त्या शहरातला भाचा अमेरिकेच्या ओसाड राजधानीत पाणी शोधत होता, आणि मध्येच उठून आमची मोटार सुरू झाली का, ते बघून येत होता.

पण मला मुख्य कथेपेक्षा वाटेतल्या उपकथांनीच बांधून ठेवलं. खेळणाऱ्यानं वडिलांना शोधायचं सोडून डावीउजवीकडे वळावं, कुणाचं गाऱ्हाणं ऐकावं, हवं तर मदत करावी, नाही तर सरळ निघून जावं. त्याला ती मुलं 'साइड क्वेस्ट' म्हणतात. मला दादीचा हातिमताई आठवला. हुस्नबानूचे सात प्रश्न सोडवायला हातिम निघतो, तेही स्वतःसाठी नाही, तिच्या प्रेमात पडलेल्या एका शहजाद्यासाठी. पहिल्याच प्रश्नाच्या वाटेवर एक लांडगा हरिणीच्या मागे लागलेला दिसतो. हातिम हरिणीला सोडवतो आणि भुकेल्या लांडग्याला स्वतःच्या अंगाचं मांस कापून देतो. दादीच्या गोष्टीत प्रश्न मागे राहायचा आणि असे प्रसंगच लक्षात राहायचे. महाभारतात तरी काय? वनवासात खचलेल्या युधिष्ठिराला ऋषी नल-दमयंतीची, सावित्रीची कथा सांगतात. युद्धाच्या कथेला त्यांची गरज नाही. युधिष्ठिराला मात्र आहे.

तर या खेळातली माझी सगळ्यात आवडती उपकथा सांगतो. अगाथा नावाची एक म्हातारी ओसाड माळावर एकटी राहते. नवरा वारला आहे. घरात एक साधं व्हायोलिन आहे आणि एक रेडिओ यंत्र. ती व्हायोलिन वाजवते आणि ते प्रक्षेपित करते, कुणी ऐकत असेल तर ऐकेल म्हणून. तिला एकच हवं आहे. तिच्या घराण्यातल्या एका पूर्वज बाईचं अस्सल स्ट्रॅडिव्हेरियस व्हायोलिन एका बंद तळघर-वसाहतीत पडून आहे, ते कुणी आणून द्यावं. त्या तळघरात संगीतकारांना कला जतन करण्याच्या नावाखाली बोलावलं होतं आणि प्रत्यक्षात त्यांच्यावर आवाजाचा प्रयोग केला होता. त्यात ते वेडे होऊन एकमेकांच्या जिवावर उठले. खेळणारा जीव धोक्यात घालून तिथून ते वाद्य आणतो. ते विकून पैसेही मिळवता येतात. म्हातारीला दिलं, तर बदल्यात जग काही सुधारत नाही. फक्त त्यानंतर त्या ओसाडीत कुठंही असा, रेडिओ लावला की तिचं वादन ऐकू येतं.

भाच्यानं मुख्य काम थांबवून ते व्हायोलिन आणलं. पहाटे तीनला आमच्या खोलीत ते वाजू लागलं. भाचा काही न करता खेळातल्या एका टेकडीवर उभा राहिला. मला मात्र किल्लारी आठवलं.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं, गावं दमून झोपलेली, आणि पहाटे चारच्या सुमारास भूकंप झाला. सुमारे दहा हजार माणसं गेली. मी तेव्हा बी.ए. करून नोकरी शोधत होतो. मित्रांबरोबर मदतीला गेलो. आम्ही भांडी, ब्लँकेटं वाटत होतो. रांगेत एक वयस्क गृहस्थ होते. त्यांनी भांडी घेतली नाहीत. म्हणाले, "पोरांनो, तेवढी भिंत उचलून द्या. खाली माझा पखवाज आहे." आमच्यातला एक चिडला. माणसं मेली आहेत आणि यांना पखवाज सुचतो! आम्ही भिंत उचलली नाही, दुसरीकडे निघून गेलो. आम्हाला काम होतं, ते खरंच होतं. पण त्या गृहस्थांनी आमच्याकडं मागितलेली ती एकच गोष्ट होती. तीस वर्षं होऊन गेली, ते मनातून जात नाही. अगाथाची गोष्ट मला का आवडते, याचं कारण हे. तिथं आम्ही भिंत उचलली.

दुसरी आवडती गोष्ट हॅरॉल्डची. नकाशाच्या उत्तरेला अचानक हिरवळ लागते. त्या साऱ्या करपलेल्या जगात एवढीच. मध्यभागी एक झाड, आणि त्या झाडात अडकलेला एक माणूस. युद्धानंतरच्या एका अपघातात त्याच्या डोक्यातून रोप फुटलं, वाढलं आणि शेवटी त्यानं मुळं धरली. आता त्याला हलता येत नाही. भोवतालचे लोक त्याला देव मानतात. तो म्हणतो, "मला मरू द्या." ते म्हणतात, "देव आपली परीक्षा बघतो आहे!" त्यांच्यातही दोन तट आहेत. एक म्हणतो, हिरवळ इथंच थांबवा, नाही तर बाहेरचे येतील. दुसरा म्हणतो, पसरू द्या, जग हिरवं होईल. निवड तुमची.

भाच्यानं हिरवळ पसरवणारा लेप लावला. मी विचारलं, "पण त्यानं काय मागितलं होतं?" भाचा म्हणाला, "मामू, सबका फायदा है." त्या रात्री आमचं बरंच भांडण झालं. मराठवाड्यातल्या माणसाला झाड मारा असं सांगणं माझ्याही जिवावर येत होतं. पण एका बोलत्या माणसाचं न ऐकता त्याची पूजा करत राहणं, हेही मला बरं वाटेना. उत्तर सापडलं नाही. सहेरीची वेळ झाली म्हणून उठलो.

एक गोष्ट नुसती गमतीची. मॉयरा नावाची बाई, ओसाडीत जगावं कसं, यावर पुस्तक लिहिते आहे. स्वतः दुकानात बसून खेळणाऱ्याला सांगते, जा, सुरुंगांच्या मैदानात फिरून ये, किरणोत्सर्ग अंगावर घेऊन ये, मग मी लिहीन. अनुभव दुसऱ्यानं घ्यायचा आणि पुस्तकावर नाव आपलं! तिला न जाताच थापा मारता येतात, आणि त्याही छापल्या जातात. साहित्य व्यवहाराची इतकी माहिती त्या अमेरिकन मंडळींना कशी, याचं मला नवल वाटलं.

आता नावडती गोष्ट. टेनपेनी टॉवर नावाची उंच, सुंदर इमारत आहे. पैसेवाले तिथं कुंपणाच्या आत राहतात. फाटकावरच्या यंत्रातून रॉय फिलिप्स नावाचा एक 'घूल' आत घेण्यासाठी भांडतो आहे. किरणोत्सर्गानं कातडी सडलेली, पण मन शाबूत असलेली अशी ही माणसं. शब्द अरबी आहे. दादीच्या गोष्टींत ओसाड रानात वाटसरूंना भुलवणारा 'गूल' असायचा, आपल्या चकव्याच्या नात्यातला. रॉय म्हणतो, "पैसे देतो, घर द्या." आतले म्हणतात, "तुमच्यासारखे नकोत."

श्रोतेहो, इथं मी खुर्ची पुढं ओढली. लग्न झाल्यावर मी एका नव्या वसाहतीत खोल्या शोधत होतो. फोनवर मालकांशी छान गप्पा झाल्या. माझं मराठी ऐकून त्यांनी कवितेचाही विषय काढला. मग नाव विचारलं. क्षणभर शांतता, आणि "अहो, कालच एकांना शब्द दिला." हे शब्द पुढं मी इतक्यांदा ऐकले, की समोरच्यानं तोंड उघडायच्या आत कळायचं. तेव्हा भाच्याला मी म्हटलं, "याला घर मिळवून दे."

भाच्यानं एकही गोळी न झाडता ते केलं. एकेका रहिवाशाला भेटून समजावलं. आत डॅशवूड नावाचे एक म्हातारे आहेत. तरुणपणी भटकंती केलेले, त्यांच्या साहसाची मालिका खेळातल्या रेडिओवर लागते. त्यांचा जिवलग सोबती घूलच होता, त्यामुळे त्यांना समजवावं लागलं नाही. दारं उघडली. घूल राहायला आले. मला इतका आनंद झाला, की मी चहा केला.

खेळातले काही दिवस गेले. आम्ही परत गेलो तर इमारतीत एकही जुना रहिवासी नाही. सगळ्यांना मारून तळघरात टाकलेलं. डॅशवूडनाही. रॉयला काही खंत नाही. आणि गंमत अशी, की त्याला शिक्षा म्हणून मारलं तर खेळ ते पाप तुमच्याच नावावर मांडतो.

भाचा म्हणाला, यातच मजा आहे, चांगलं केलं की चांगलंच होईल याची हमी नसते. खरं आहे. ज्याच्यावर अन्याय झाला तो संतच असला पाहिजे, असंही माझं म्हणणं नाही. माझी तक्रार वेगळी आहे. दार उघडलं आणि माणसं मेली, या दोन्हींच्या मधले दिवस त्या गोष्टीत नाहीत. त्या दिवसांत जिन्यात कुणी कुणाला विचारलं असेल, पाणी आलं का? कुणाच्या मुलाला ताप आला असेल, कुणी औषध आणलं असेल. शेजार तिथंच होतो किंवा मोडतो. लेखकानं ते दिवस गाळले आणि निकाल तेवढा सांगितला. आणि तो निकाल नेमका तोच, ज्याची भीती दाखवून मला खोल्या नाकारल्या गेल्या होत्या.

मला शेवटी घर मिळालं, तेही सांगायला हवं. एका निवृत्त शिक्षिकेनं दिलं. अटी दोन : भाडं पाच तारखेच्या आत, आणि गच्चीवरच्या टाकीचा कॉक आठवणीनं बंद करायचा. त्या घरात आम्ही अकरा वर्षं राहिलो. कॉक दोनदा विसरलो. त्या गोष्टीवर कुणी खेळ बनवणार नाही, कारण त्यात काही घडत नाही.

पुढं भाच्याला पुण्यात नोकरी लागली. खोली शोधायला गेला तेव्हा मी रोज फोनजवळ बसून होतो. तीन ठिकाणी 'कालच दिली' झालं. चौथ्या ठिकाणी काकूंनी एवढंच विचारलं, "रात्रभर कॉम्प्युटरचा आवाज करणार नाहीस ना?" भाचा 'नाही' म्हणाला. ते खोटं होतं, पण खोली मिळाली.

शेवटी एक छोटी गोष्ट. खेळात एका वस्तीच्या फाटकाबाहेर एक भिकारी बसलेला असतो. तो शुद्ध पाणी मागतो. पाणी दिलं की पडद्यावर खूण उमटते : तुमचं पुण्य वाढलं. कितीही वेळा द्या, त्याची तहान भागत नाही आणि तुमचं पुण्य वाढत जातं. एकदा भाच्यानं कुणाला तरी लुटलं, मग त्या भिकाऱ्याला पाच-सहा बाटल्या पाजून हिशेब बरोबर केला. मला हसू आलं. मग जरा विचार आला, की आपणही पुष्कळदा हेच करतो.

हातिमच्या दुसऱ्या प्रश्नाची आठवण झाली. एका माणसाच्या दारावर लिहिलेलं असतं, नेकी कर, दर्या में डाल. हातिमला त्याचा अर्थ शोधायचा असतो. चांगलं करावं आणि पाण्यात सोडून द्यावं, मागं वळून मोजू नये. आमच्या मोहल्ल्यात मुहर्रमला सबील लागते, चौकात उन्हाळ्यात पाणपोई असते. रांजणावर फडकं, वर उपडा घातलेला पेला. पाणी पिऊन माणूस पुढं जातो. रांजण भरणारा घरी गेलेला असतो. कुणी प्यायलं की नाही, हे त्याला कळतही नाही.

तुमच्या घरात एखादं मूल रात्री खेळत बसलं असेल, तर रागवायच्या आधी एकदा शेजारी बसून बघा. विचारा, यात किस्से आहेत का?