चुलीचा धूर आणि घरातली माणसे



माझ्या लहानपणी घरात पहाटेचा पहिला आवाज फुंकणीचा, आणि दुसरा आईच्या खोकल्याचा. सरपण ओले असले म्हणजे सैपाकघर धुराने भरून जाई. आम्ही पोरे डोळे चोळीत अंगणात पळत असू. आई मात्र चुलीपुढेच. "चुलीपाशी बसलं की खोकला यायचाच," असे सगळे म्हणत. तीही म्हणे. तिने कधी विडीला हात लावला नाही. पण पन्नाशीतच ओसरीच्या तीन पायऱ्या चढताना तिला धाप लागू लागली. डॉक्टरांनी तपासले आणि एवढेच विचारले, "घरी चूल का?"

या धुरात असते तरी काय? काजळी डोळ्यांना दिसते. खरा घात करतात ते न दिसणारे कण. २.५ मायक्रॉन किंवा त्याहून बारीक, म्हणजे केसाच्या जाडीच्या पंचविसाव्या-तिसाव्या हिश्शाएवढे. मोठी धूळ नाकात, घशात अडते. हे कण थेट फुप्फुसांच्या वायुकोशांपर्यंत जातात. श्वासनलिका सुजतात, वर्षानुवर्षांनी अरुंद होतात, आणि एकदा गेलेला दम पुरता परत येत नाही. अगदी बारीक कण रक्तातही उतरतात. म्हणून हृदयविकार आणि पक्षाघात यांच्याशीही धुराचे नाते आहे. शिवाय धुरातला कार्बन मोनॉक्साइड प्राणवायूच्या दोनशेपटींहून घट्टपणे रक्ताला चिकटतो. आई गरोदर असेल तर पोटातल्या बाळाला प्राणवायू कमी पडतो. ते कमी वजनाचे जन्मण्याचा धोका वाढतो. मांडीवरच्या तान्ह्याला न्यूमोनियाचे भय असते ते वेगळेच.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२० साली घरातल्या अशा धुराने जगात सुमारे ३२ लाख माणसे दगावली. त्यांत पाच वर्षांखालील मुले २ लाख ३७ हजारांहून अधिक होती.

आपल्याकडे २०१६ साली उज्ज्वला योजना सुरू झाली आणि खेडोपाडी गॅस पोचला. पण टाकी संपली की पैशांअभावी पुन्हा चूल पेटते. शेगडी कोपऱ्यात आणि धूर घरात, अशी घरे अजून पुष्कळ आहेत.

तेव्हा जमेल तेवढे तरी करावे. सरपण वाळलेलेच वापरावे. छपराबाहेर निघणारे धुराडे बसवावे. त्याने धूर कमी होतो, पुरता जात नाही, हेही ध्यानात असू द्यावे. तान्हे मूल चुलीपासून दूर ठेवावे. खोकला दोन आठवड्यांवर गेला तर दवाखाना गाठावा.

आणि पुरुषमंडळींना एक विनंती. आज रात्री भाकऱ्या चालू असताना दहा मिनिटे चुलीपुढे जाऊन बसा. टाकी महाग की स्वस्त, ते मग ठरवा.