‘सेक्टर’ या शब्दाविषयी

चंडीगढमध्ये कोणाचे घर विचारावे, तर उत्तर बहुधा आकड्यात मिळते. ‘सेक्टर’ हा शब्द मूळचा लॅटिन, अर्थ, कापणारा. भूमितीत आपण त्यास वर्तुळपाकळी म्हणतो, अर्थकारणात क्षेत्र. नगररचनेतील सेक्टरला मात्र मराठी प्रतिशब्द रुळला नाही. वाशी-नेरूळकरही ‘सेक्टर’च म्हणतात.

ल कॉर्ब्यूझ्ये यांच्या १९५१ च्या आराखड्यातील सेक्टर म्हणजे पाकळी नव्हे, सुमारे ८०० बाय १२०० मीटरांचा आयत. शाळा, बाजार आणि हिरवळ त्यात पायी गाठता यावीत, ही कल्पना. पंजाबीत सतराला ‘सतारां’ आणि बाविसाला ‘बाई’ म्हणतात. मराठी कानास तेथे प्रथम साताराच ऐकू येतो! तेरा हा आकडा आरंभी गाळला होता. २०२० मध्ये तो मनीमाजऱ्यास मिळाला.

पण या आयतांखाली मुळात गावे होती. कित्येक उठली, तेथे शब्दाचा मूळ अर्थ अक्षरशः खरा ठरला. बुरैल मात्र सेक्टर ४५ मध्ये टिकून आहे. तेथील पत्त्यात आजही दोन्ही येतात: आधी बुरैल, मग आकडा.