डिझेलचा हिशेब



आज आपण एका साध्या हिशेबाविषयी बोलणार आहोत. तुम्ही आता आकडे वाचता. बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार करता. हे शिकलेले आकडे कुठे उपयोगी पडतात, ते पाहू.

घरात लग्न निघते. देवाला जायचे असते. आजारी माणसाला शहरात न्यायचे असते. मग आपण भाड्याची गाडी ठरवतो. मालक म्हणतो, "गाडीचे भाडे इतके, डिझेल तुमचे." आपण मान हलवतो. पण डिझेल किती लागेल, याचा नीट विचार कोणी करीत नाही. ही चूक आम्हीही केली आहे. तीच आधी सांगतो.

गेल्या वर्षी आम्ही वर्गातली पंधरा माणसे पंढरपूरला गेलो. आमच्या गावाहून पंढरपूर 120 किलोमीटर. तालुक्याच्या गावाहून एक डिझेलची गाडी ठरवली. भाडे ठरले. डिझेल आपले. मालक म्हणाला, "गाडी लिटरला 12 किलोमीटर चालते." आम्ही तोंडी हिशेब केला. जाऊन येऊन 240 किलोमीटर. 240 भागिले 12, म्हणजे 20 लिटर. तेव्हा आम्ही भाव लिटरला 90 रुपये धरला. 20 गुणिले 90, म्हणजे 1800 रुपये. माणशी 120 रुपये. सर्वांनी तेवढे काढून ठेवले.

दर्शन छान झाले. दुसऱ्या दिवशी गाडीचा चालक गावात आला. निघताना त्याने तालुक्याच्या पंपावर टाकी काठोकाठ भरली होती. परत गेल्यावर त्याच पंपावर पुन्हा काठोकाठ भरली. त्याची पावती त्याने पुढे केली. पावती 30 लिटरची होती. 2700 रुपये!

आम्ही भडकलो. 20 चे 30 कसे झाले? कोणी म्हणाले, "रात्री डिझेल काढून विकले असेल." तो म्हणाला, "दादा, डिझेलला हात लावला असेल तर पोरांची शपथ." आम्ही ऐकले नाही. 1800 रुपये हातावर ठेवले आणि त्याला वाटेला लावले. विठोबाच्या पाया पडून आलो आणि दुसऱ्याच दिवशी एका गरिबाला चोर म्हटले.

त्या रात्री वर्गात हाच विषय निघाला. तेव्हा आमच्यातल्या एक मावशी उठल्या. म्हणाल्या, "अवं, मी आकडं ल्हिलेत की वहीत." मावशींना नवी सवय लागली होती. दिसेल तो आकडा वाचायचा आणि वहीत उतरायचा. चालकापुढच्या मीटरवर गाडी एकूण किती किलोमीटर चालली तो आकडा दिसतो. मावशी पुढे बसल्या होत्या. गाव सोडताना त्यांनी लिहिले होते 48265. गावात परत उतरताना लिहिले होते 48535.

आम्ही फळ्यावर वजाबाकी मांडली. उत्तर आले 270. म्हणजे 240 नव्हे. मग एकेकाला आठवू लागले. पुलाचे काम चालू होते म्हणून वळसा घेतला होता. गोपाळपूरला गेलो होतो. गाडी लावायला जागा मिळेना म्हणून फिरलो होतो. 30 किलोमीटर असे वाढले. शिवाय गाडी तालुक्याहून गावात आली, ते 15 किलोमीटर. आम्हाला सोडून परत गेली, ते 15. रिकामी गाडीही डिझेल पितेच. 270 अधिक 30, म्हणजे 300 किलोमीटर. 12 ने भागले तर 25 लिटर. पाच लिटरचा उलगडा झाला.

राहिले पाच लिटर. आम्ही तशीच गाडी चालवणाऱ्या दोघांना विचारले. ते म्हणाले, "12 चा आकडा रिकाम्या गाडीचा. पंधरा माणसे आणि टपावर सामान असले की 10 च्या वर देत नाही." बैलाचेच पाहा ना. रिकामी गाडी ओढणारा बैल आणि भरल्या गाडीने चढ चढणारा बैल, दोघांचा चारा सारखा नसतो. इंजिनाचेही तसेच आहे. ओझे, घाट, खराब रस्ता, थंड हवेचे यंत्र, फार वेग, या सर्वांनी डिझेल जास्त जाते. 300 भागिले 10, उत्तर 30 लिटर. पावती खरी होती.

मग आम्ही चौघे तालुक्याला गेलो. तिथे कळले की मालकाने 900 रुपये चालकाच्या पगारातून कापले होते. आम्ही त्याची माफी मागितली. माणशी 60 रुपये गोळा करून त्याचे 900 त्याला दिले. सर्वांत आधी पैसे मावशींनी काढले.

आता हा हिशेब तुम्ही वहीत लिहून घ्या.

पहिली गोष्ट. गाडी ठरवताना विचारा, "डिझेल कोणाचे?" काही गाड्या किलोमीटरच्या दराने मिळतात. त्यात बहुधा डिझेल मालकाचे असते. पण दिवसाला कमीत कमी अमुक किलोमीटर धरणार, अशी अट असते. ती विचारून घ्या. टोल, गाडीतळाचे पैसे, चालकाचा भत्ता आणि रात्रीचा मुक्काम कोणाकडे, तेही विचारा.

दुसरी गोष्ट. किलोमीटर पुरे धरा. जाणे, येणे, गाडी रिकामी येण्याजाण्याचे अंतर आणि थोडी वरकड.

तिसरी गोष्ट. ॲव्हरेज विचारा, म्हणजे लिटरला गाडी किती किलोमीटर चालते ते. भरल्या गाडीचे विचारा, रिकाम्या गाडीचे नको.

चौथी गोष्ट. डिझेलचा भाव पंपावरील पाटीवर वाचा. 2017 सालच्या जूनपासून हा भाव रोज बदलू शकतो. गावोगावी तो थोडा वेगळाही असतो.

मग हिशेब असा करा:

किलोमीटर भागिले ॲव्हरेज, बरोबर लिटर.
लिटर गुणिले भाव, बरोबर रुपये.
रुपये भागिले माणसे, बरोबर माणशी वर्गणी.

निघताना टाकी काठोकाठ भरा. परतल्यावर पुन्हा काठोकाठ भरा. दुसऱ्या वेळी जितके लिटर बसले तितके खर्च झाले. वाटेत डिझेल भरले असेल, तर ते त्यात मिळवा. पंपाच्या यंत्रावर आधी शून्य आहे ना, ते पाहा. पावती घ्या. मापाची शंका आली तर पंपावर शिक्क्याचे पाच लिटरचे माप असते. त्याने मोजून दाखवा, असे म्हणायचा गिऱ्हाइकाला हक्क आहे.

आणि मीटरचा आकडा दोन्ही वेळा वहीत लिहा. चालकालाही दाखवा. लबाड माणूस असेल तर तो हिशेबात सापडतो. प्रामाणिक माणूस असेल तर त्याच्यावर आळ येत नाही. मावशींच्या वहीत ते दोन आकडे नसते, तर आजही आम्ही त्या माणसाला चोरच म्हणत असतो.

आता घरी जाऊन एक उदाहरण सोडवा. गाडी एकूण 160 किलोमीटर जाणार आहे. लिटरला 10 किलोमीटर चालते. भाव 90 रुपये आहे. माणसे 12 आहेत. माणशी किती पैसे पडतील? उद्या वर्गात उत्तर सांगा.

राम राम.